न शिवलेले वस्त्र

आपल्या धर्मकृत्यांतील एक साधी गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचे नवल वाटण्याचे आपण सोडून दिले आहे. पूजेला बसणारा मनुष्य जे वस्त्र नेसतो, त्याला सुई लागलेली नसते. मुकटा असो, पंचा असो, सुती धोतर असो की रेशमी कद असो, मागावरून जसे उतरले तसेच ते अंगावर येते. देवीला आपण लुगडे वाहतो तेही घडी न मोडलेले, सलग असे. शिवणकाम आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. अंगरखे, बाराबंद्या, चोळ्या, झबली, टोपरी हे सारे आपल्याकडे होतेच. तरीही देवापुढे जाताना सुईदोऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबवावे असे त्यांना वाटले. त्याची शास्त्रोक्त मीमांसा जाणकारांनी करावी. मला त्यात एक साधा अर्थ दिसतो. शिवलेला कपडा एकाच देहाच्या मापाचा असतो आणि त्या देहाबरोबर त्याचे आयुष्य संपते. न शिवलेले वस्त्र कोणाचेच मोजमाप घेत नाही. आजीचे लुगडे आई नेसते, विरल्यावर त्याची बाळोती होतात, त्याच्याच चिंध्यांची गोधडी होते. जे एकाच्या मापाचे नाही ते सर्वांचे होऊ शकते, आणि सर्वांचे होऊ शकते म्हणूनच ते देवाला चालते, अशी आपली माझी समजूत आहे.

हा विचार पुनःपुन्हा मनात यावा याला कारण झाले ते एका गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थाचे चरित्र. सोवळ्याशी त्यांचा जन्माने संबंध नव्हता. त्यांचा व्यवसाय तर असा की, आपल्या देवालयांच्या सभामंडपात त्याचे नाव काढले तर वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील. 'फॅशन' हा शब्दच आपल्याकडे उथळपणाला पर्याय म्हणून वापरला जातो. परंतु वेंडेल रॉड्रिक्स या वस्त्रकल्पकाचा आयुष्यक्रम मी जसजसा समजून घेत गेलो, तसतसे मला वाटू लागले की, ज्या गोष्टीला आपण देवघरात जपले आणि व्यवहारात टाकून दिले, तिच्याकडे हा मनुष्य फार मोठा वळसा घालून, पण अगदी नेमका येऊन पोचला.

माझ्यासारख्याने हे लिहावे याचेही थोडे स्पष्टीकरण दिले पाहिजे. आमचे कुलदैवत कवळ्याची श्रीशांतादुर्गा. पण घर बेला येथे, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. पैनगंगेच्या या काठावर पूर्वज निजामी अमलात येऊन स्थिरावले ते कायमचेच. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट हे तालुके पलीकडे गेले, बेला अलीकडे राहिले. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजाराच्या दिवशी या दोहोंच्या जोडीला गोंडीही कानावर पडते. मुलूख काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. दिवाळीनंतर येथे जिकडे पाहावे तिकडे बोंडे फुटलेली असतात. वेचणीला गेलेल्या बायांच्या ओट्या भरून वाहतात. गाड्यांची रांग आदिलाबादच्या बाजाराकडे लागते. कापूस म्हणजे काय हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र कापसाचे कापड कसे होते हे आमच्या गावात कोणी पाहिलेले नाही. सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि त्या कोठे तरी दूर निघून जातात. पुढे केव्हा तरी कृत्रिम धाग्याची चकचकीत साडी होऊन बाजार आमच्या दारी परत येतो. ज्या गावात कापूस पिकतो त्या गावच्या बाईच्या अंगावर सुताचा एकही धागा नसावा, हे दृश्य येथे इतके नित्याचे आहे की, त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. वस्त्रासंबंधी काही वाचले की ते मला आपलेसे वाटते, ते या मातीमुळे.

वेंडेल रॉड्रिक्स यांचा जन्म 28 मे 1960 रोजी मुंबईत, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. आरंभी त्यांनी शिक्षण घेतले ते खानपान-व्यवस्थेचे, आणि 1982 च्या सुमारास मस्कत येथे ओमानच्या राजकीय पोलिस दलाच्या अधिकारी-मंडळाच्या क्लबात ते नोकरीला लागले. नोकरी चांगली होती. परंतु मनात वस्त्रांचे वेड होते. पगारातून साठवलेले पैसे घेऊन ते अमेरिकेत लॉस एंजलिसला आणि पुढे पॅरिसला हे शास्त्र शिकायला गेले. पॅरिसमधला एक प्रसंग ते पुढे अनेकदा सांगत. आपली रेखाटने घेऊन ते एका ठिकाणी काम मागायला गेले असता, या रेखाटनांत तुमचा देश कोठे आहे, अशा अर्थाचा प्रश्न त्यांना विचारला गेला. परक्याने विचारलेला हा प्रश्न त्यांनी अपमान म्हणून घेतला नाही, दीक्षा म्हणून घेतला. पुढची तीस वर्षे ते त्याचेच उत्तर शोधीत होते असे म्हटले तरी चालेल.

मुंबईला परतल्यावर 1989 साली त्यांनी स्वतःच्या नावाने वस्त्रे करावयास आरंभ केला. ओबेरॉय हॉटेलात झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनाची हकीकत मोठी गमतीची आहे. बारा पोशाख मांडले, त्यांतले पुरे असे सहाच. बाकीच्यांना जोडीची विजार किंवा पायताणे घ्यावयास जवळ पैसेच उरले नव्हते! परंतु पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना त्या उणिवेतच नवेपणा दिसला. त्या काळी आपल्याकडे उंची पोशाख म्हणजे जर, खडे, आरसे आणि भरतकाम यांचे ओझे अशीच समजूत होती. लग्नातली नवरी जितकी वाकेल तितका पोशाख भारी! अशा काळात हा तरुण साधे, मोकळे, बहुधा पांढरे, कोणत्याही अलंकाराचा आधार न घेणारे कापड समोर आणतो आणि म्हणतो, हेच पुरे आहे. लोक त्यांना अल्पतेचे गुरू म्हणू लागले. दारिद्र्याने शिकवलेला हा धडा पुढे संपन्नता आल्यावरही त्यांनी टाकला नाही, यात त्यांचे मोठेपण आहे.

पुढे कीर्ती मिळाली. 1995 साली जर्मनीतील 'इगेडो' या प्रचंड वस्त्रमेळाव्याचे आमंत्रण त्यांना मिळाले. असे आमंत्रण मिळालेले ते पहिले भारतीय वस्त्रकल्पक होत. तथापि त्याहून महत्त्वाची घटना त्याआधी दोन वर्षे घडून गेली होती. 1993 साली त्यांनी मुंबई सोडली आणि ते बार्देशातील कोलवाळ या आपल्या वाडवडिलांच्या गावी राहावयास गेले. धंदा मुंबईत, गिऱ्हाईक मुंबईत, वृत्तपत्रे मुंबईत आणि हा गृहस्थ शापोरा नदीकाठच्या एका खेड्यात! शहाण्यांना ती आत्महत्या वाटली असावी. परंतु देश वस्त्रांत आणायचा असेल तर आधी आपण देशात जाऊन राहिले पाहिजे, एवढे त्यांना उमगले होते.

येथे थोडे थांबून जपानकडे पाहणे उपयोगाचे होईल. कारण हाच प्रश्न त्याआधी वीस वर्षे जपानी कलावंतांनी आपल्यापरीने सोडवला होता. इस्से मियाके यांचा जन्म 1938 साली हिरोशिमात झाला. 6 ऑगस्ट 1945 रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते, आणि त्या संहाराच्या परिणामांनी तीन वर्षांच्या आत त्यांची आई गेली. या गोष्टीविषयी ते अनेक दशके बोललेच नाहीत. 2009 साली त्यांनी प्रथमच तिच्यावर उघडपणे लिहिले, आणि आपण वस्त्रकलेकडे वळलो ते नष्ट करणाऱ्या गोष्टींपेक्षा निर्माण करणाऱ्या गोष्टींचा विचार करावा म्हणून, असा त्याचा आशय होता. त्यांनी पॅरिसमध्ये नामांकित शिवणगृहांतून काम केले, 1970 साली टोकियोत स्वतःची कार्यशाळा उघडली आणि मग एक मूलभूत शंका विचारली. माणसाच्या देहाच्या आकाराबरहुकूम कापडाचे तुकडे करून ते पुन्हा जोडावयाचे, ही पाश्चात्त्य रीत हीच एकमेव रीत आहे काय?

त्यांच्या घरात दुसरी रीत होतीच. किमोनोचे कापड हातभराहूनही कमी रुंदीचे आणि सुमारे बारा मीटर लांबीचे विणले जाते, आणि ते सरळ रेषेतच कापले जाते. त्यातून तुकडा वाया जात नाही. उसवले की पुन्हा पूर्वीचे लांब कापड होते. या परंपरेतून मियाके यांनी 'एक वस्त्रखंड' ही कल्पना उचलली. एक सलग कापड आणि एक देह, आणि त्या दोहोंमधली मोकळी हवा. पुढे 1998 च्या सुमारास त्यांनी नळीसारखे सलग विणलेले असे कापड सिद्ध केले की, नेसणाऱ्याने त्यातून हवा तो पोशाख कात्रीने सुटा करून घ्यावा, शिवण्याचे कामच नको! त्याच देशातील रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो यांनी 1981 साली पॅरिसमध्ये आपली काळी, सैल, उसवल्यासारखी वस्त्रे मांडली तेव्हा तेथल्या टीकाकारांनी प्रथम चेष्टा केली आणि मग हळूहळू त्यांचेच अनुकरण सुरू झाले. जगाने ज्याला बंडखोरी म्हटले ते पुष्कळ अंशी आजीच्या पेटीतले शहाणपण होते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. मियाके यांचा आपल्या देशाशीही प्रत्यक्ष संबंध होता. अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्या कार्यशाळेबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. साडी नेसणाऱ्या देशाने त्यांना आकर्षित करावे यात आश्चर्य ते काय? 5 ऑगस्ट 2022 रोजी ते निवर्तले.

जे जपान्यांना किमोनोत सापडले, ते रॉड्रिक्स यांना सापडले कुणबी बाईच्या कापडात. कोकणीत साडीलाच 'कापड' म्हणतात, आणि या शब्दाची मला फार मौज वाटते. साडी म्हणजे कापडाचा एक प्रकार असे त्यात नाही. कापड म्हणजेच साडी! गोमंतकातील कुणबी, गावडे आणि वेळीप या समाजांच्या स्त्रिया लाल भूमीवर पांढऱ्या चौकड्यांचे जाडेभरडे कापड नेसत. ते आखूड, कारण भाताच्या चिखलात उभे राहावयाचे. पदर वाऱ्यावर सोडलेला नव्हे, तर खांद्यावर गाठ मारून पक्का केलेला, कारण दोन्ही हात कामाला मोकळे हवेत. चोळी मूळची नाहीच. वस्त्र कशासाठी असते, देहाने काय करावयाचे असते आणि कापडाने किती बोलावयाचे असते, याचा इतका चोख हिशेब क्वचितच कोणा शिकलेल्या कारागिराने मांडला असेल. ज्याला पॅरिसचे पंडित अल्पतेचे सौंदर्य म्हणतात ते या बाया नकळत नेसून उभ्या होत्या. त्यांना गुरू मात्र कोणी म्हटले नव्हते. या समाजांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळण्यासही 2003 साल उजाडावे लागले.

तोपर्यंत हे कापड जवळजवळ नाहीसे झाले होते. गोव्यातले हातमाग थंडावले होते, गिरणीचे स्वस्त छापील कापड खेडोपाडी पोचले होते, आणि नव्या पिढीतल्या मुलींना चौकडी म्हणजे हलक्या कामाची खूण वाटू लागली होती. रॉड्रिक्स यांनी उरल्यासुरल्या विणकरांना शोधून काढले, जुने नमुने मिळवले, नैसर्गिक रंग वापरून आणि शहरातल्या बाईला नेसता येईल असा बदल करून ते कापड पुन्हा विणवून घेतले, आणि 2010-11 च्या सुमारास दिल्लीच्या फॅशन-सप्ताहात ते मांडले. चिखलात उभे राहणारे कापड दिव्यांच्या झगमगाटात चालू लागले.

याबरोबरच त्यांनी केलेले दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते, ते म्हणजे त्यांनी लिहिलेला गोमंतकाच्या वेषाचा इतिहास. लिस्बनच्या राष्ट्रीय वेशभूषा संग्रहालयापर्यंत जाऊन त्यांनी त्यासाठी अभ्यास केला, आणि 2012 साली 'मोडा गोवा' हा ग्रंथ सिद्ध झाला. हा इतिहास आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली, हे आपण मुलांना सांगत आलो. परंतु जे मागे राहिले, ज्यांचा धर्म बदलला, त्यांच्या अंगावरच्या वस्त्राचे काय झाले, हे आपण फारसे कधी विचारले नाही. इन्क्विझिशनने 1736 साली काढलेल्या आज्ञापत्रात नवख्रिस्ती लोकांनी काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. अंगणात तुळस लावू नये, मिठावाचून भात शिजवू नये. आणि त्याच यादीत पुरुषांनी पुडवें नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, असेही आहे. धर्म बदलून पावणेदोनशे वर्षे होऊन गेल्यावरही माणसे घरात धोतर नेसत होती, म्हणून तर ही आज्ञा काढावी लागली! राज्यकर्त्यांनी नेमके ओळखले होते की, मनुष्याचा देव बदलता येतो, पण त्याची नेसण बदलणे त्याहून कठीण आहे.

आणि ती पुरती बदललीही नाही. मांडो गाताना ख्रिस्ती स्त्रिया जो 'पानो-भाजू' घालतात, त्यातला भाजू हा वरचा शिवलेला झगा. परंतु पानो म्हणजे कमरेला गुंडाळलेले सलग वस्त्रच. वर नवे राज्य आणि खाली जुने कापड, असा दोन युगांचा सलोखा त्या एका पोशाखात आहे. आपले पूर्वज देवाची मूर्ती घेऊन गेले, मागे राहिलेल्यांनी कापड ठेवून घेतले. एकाच घरची ही दोन वाटण्या झालेली संपत्ती आहे, हे मला तरी एका ख्रिस्ती माणसाच्या परिश्रमामुळे उमगले. त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

त्यांच्या स्वभावाचाही या कामाशी संबंध होता असे वाटते. समाजाने सावलीत ठेवलेल्यांकडे त्यांची नजर प्रथम जाई. 2017 साली त्यांनी 'पोसकें' ही कादंबरी लिहिली. गोव्यातील सुखवस्तू घरांत सांभाळली गेलेली, घरचे नाव न मिळालेली आणि चाकरीत आयुष्य घालवलेली जी मुले, त्यांची ती कथा आहे. स्वतःच्या जीवनातही त्यांनी अस्तर लावले नाही. जेरोम मॅरेल या आपल्या जोडीदाराबरोबरचे सहजीवन त्यांनी 2002 साली फ्रेंच कायद्यानुसार नोंदवले आणि ते कोणापासून लपवले नाही. याविषयी कोणाचे मत काय असेल ते असो. परंतु आहे तसे उभे राहण्याचे धैर्य त्यांच्या वस्त्रांत होते तेच त्यांच्या वागण्यात होते, हे मान्य करावे लागते. 2014 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 2016 साली त्यांनी आपला व्यवसाय शिष्या शूलेन फर्नांडिस यांच्या स्वाधीन केला आणि कोलवाळच्या आपल्या जुन्या वाड्यात गोमंतकीय वेषाचे संग्रहालय उभारण्याच्या कामाला स्वतःला वाहून घेतले. ते पुरे होण्यापूर्वीच, 12 फेब्रुवारी 2020 रोजी, त्यांचे कोलवाळ येथे निधन झाले. वय अवघे एकोणसाठ.

आता ज्या प्रश्नामुळे हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही कवळ्याला दर्शनाला गेलो होतो. माझ्या आत्याची नात लाल चौकड्यांचे नवे कापड नेसून आली होती. आत्याला ते मुळीच रुचले नाही. देवीपुढे यावयाचे आणि कामकरणीचे कापड नेसून, असे ती पुटपुटली; तिच्या पिढीच्या दृष्टीने त्यात वावगे असे काही नव्हते. बाहेर आवारात फुले विकावयास बसलेली एक म्हातारी मात्र त्या मुलीकडे टक लावून पाहत होती. जवळ जाताच तिने पदराचे टोक बोटांत धरले, अंगठ्याने सूत चाचपले आणि म्हणाली, "बाये, हें आमचें कापड न्हय?" मग तिने किंमत विचारली. मुलीने जी सांगितली ती ऐकून म्हातारी मोठ्याने हसली. हसण्यात राग नव्हता. तिच्या स्वतःच्या अंगावर फुलाफुलांची, कृत्रिम धाग्याची, शंभर ठिकाणी मिळते तसली साडी होती.

त्या हसण्याचा अर्थ मी बेल्याला परतल्यावरही लावीत राहिलो. एका बाजूने पाहिले तर रॉड्रिक्स यांचा हा विजयच होय. जे कापड नेसण्याची लाज वाटत होती ते आता हौसेने, अभिमानाने नेसले जाते. आत्याला जे ओवळे वाटले ते तिच्या नातीला भूषण वाटले. एका पिढीत एवढे अंतर तुटावे ही लहान गोष्ट नाही. परंतु दुसऱ्या बाजूने पाहिले तर कापड परत आले, पण ज्यांचे होते त्यांच्याकडे आले नाही. फुलवालीला ते विकत घेणे परवडत नाही. जे वस्त्र सर्वांचे होते ते महाग होऊन मोजक्यांच्या मापाचे झाले. सुई न लावताच ते शिवले गेले, म्हणा ना!

याचा दोष एकट्या वस्त्रकल्पकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. हाताने विणलेले कापड स्वस्त होऊ शकत नाही, आणि ते स्वस्त व्हावे असे म्हणणे म्हणजे विणकराने उपाशी राहावे असे म्हणणे आहे. मरणपंथाला लागलेल्या वस्तूला जगात प्रतिष्ठा मिळवून देणे, तिची नोंद करणे, तिचा इतिहास लिहिणे आणि ती विणणाऱ्याच्या हाताला पुन्हा काम मिळेल असे करणे, एवढे एका माणसाने केले. एका आयुष्यात याहून अधिक काय व्हावे? उरलेले काम समाजाचे आहे, आणि त्यातही, माझ्या मते, आपल्या देवस्थानांचे आहे.

कारण न शिवलेल्या वस्त्राची अखंड मागणी आज जर कोठे उरली असेल तर ती देवळांत. वर्षाकाठी प्रत्येक देवीच्या पुढे किती लुगडी येतात याचा विचार करावा. ओटीचे खण, नवसाची लुगडी, पालखीच्या दिवशीची वस्त्रे, आणि मग पावणीत त्यांचा होणारा लिलाव. यांतली बहुतेक वस्त्रे आज कृत्रिम धाग्याची असतात. पूजेच्या यजमानाला आपण सुती किंवा रेशमी सोवळ्यावाचून बसू देत नाही, आणि देवीला मात्र तेलाच्या खाणीतून निघालेला धागा निःशंकपणे नेसवतो! देवस्थान-समित्यांनी एवढेच ठरवले की, देवीच्या वस्त्रांपैकी काही तरी हातमागाचे, आपल्याच प्रदेशात विणलेले असेल, त्यात वर्षातून एखादे कुणबी चौकडीचेही असेल, आणि ते पावणीला चढवण्याऐवजी देवळाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या घरांतील सुनेला प्रसाद म्हणून दिले जाईल, तर कापड विणकराकडून देवीकडे आणि देवीकडून त्याच्या मूळ धनिणीकडे जाईल. संग्रहालयाच्या काचेआड वस्त्र सुरक्षित राहते खरे, परंतु जिवंत राहते ते अंगावरच.

याचा एक दाखला माझ्या मुलखात आहे. आमच्या जिल्ह्यातील केसलापूरला पुष्य महिन्यात नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड मंडळी दूरदूरच्या गावांहून येतात, आणि त्या वर्षी कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांना पांढरी लुगडी नेसवून देवाच्या भेटीला नेले जाते. देवाची भेट झाल्यावाचून ती सून कुळात आली असे मानीत नाहीत. तेथे कोणी वस्त्रकल्पक नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. तरीही रात्रीच्या अंधारात पांढऱ्या वस्त्रांतल्या त्या मुलींची ओळ चालू लागली म्हणजे पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो. वस्त्राला देव, कुळ आणि श्रम यांचा आधार असला म्हणजे त्याला टिकून राहण्यासाठी फॅशनची कृपा लागत नाही.

बेल्याच्या शिवारात यंदाही कापूस फुटेल आणि नेहमीसारखा निघून जाईल. तो जेथे जाईल तेथून कधी तरी एखादी गाठ गोमंतकाच्या एखाद्या मागावर पोचावी, तिचे लाल-पांढरे कापड व्हावे, देवीच्या अंगावर एक दिवस राहावे आणि मग आवारात फुले विकणाऱ्या त्या म्हातारीच्या खांद्यावर त्याची गाठ बसावी, एवढीच माझी इच्छा आहे. रॉड्रिक्स यांच्या पॅरिसच्या परीक्षकाने त्यांना जो प्रश्न विचारला होता, तो आज देवळात जाताना आपण स्वतःलाच विचारण्यासारखा आहे. आपण देवीला जे नेसवतो, त्यात आपला देश कोठे आहे?